कार्डाची पाठ

जुने चित्रकार्ड हाती आले, की आम्ही ते आधी पालथे करतो. विलायतेत 1902 पर्यंत पाठीवर नुसता पत्ता लिहायची मुभा होती. खुशालीचे चार शब्द चित्राच्या कडेला कोंबायचे. त्या साली पाठीचे दोन भाग झाले. मधोमध रेघ दिसली, की कार्ड त्यानंतरचे समजावे.

आता आपले इंद्रभुवन घ्या. आप्पासाहेब वारदांनी ते राहण्यासाठी बांधले. महापालिका तेथे मागाहून आली. चित्रात वाडा काय नि कचेरी काय, सारखीच दिसणार! भेद सांगतो तो पाठीवरचा टपालाचा शिक्का. आम्ही मात्र पोरवयात आमची कार्डे वहीत खळीने चिकटवली. गिरणगावची खळ ती, सोडते कशाला? पुढे पाण्यात भिजवून सोडवली. चित्रे राहिली, शिक्के धुऊन गेले.