पातळ भाकरीचा जमाखर्च



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. बिअर आणि सॉसेज. पहिलं जवाचं मद्य. दुसरं म्हणजे मांसाचा खिमा मीठमसाला घालून आतड्याच्या नळीत भरलेला. गोव्याकडच्या श्रोत्यांना चोरीस माहीत असेल, त्याचाच हा जर्मन चुलतभाऊ समजा. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. या दोन्ही पदार्थांशी माझा कधी संबंध आला नाही. तो आला एका माउलीमुळे.

आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेला एक मुलगा जर्मनीत, म्युनिक शहरी नोकरीला आहे. घर माळकरी. दिवाळीनंतर त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, पोरगं फोनवर दिसतं तवा तोंड सुजल्यावानी, आन् हात बघावं तर काड्या. इचारलं तर म्हणतं, जेवलो. काय जेवलास ते सांगत न्हाई. तुमी इचारा. तुमच्याशी खोटं न्हाई बोलायचा."

मी विचारलं आणि तो खरोखरच खोटं बोलला नाही. त्यानं लिहिलं, "सर, संध्याकाळी सगळ्यांबरोबर जातो तिथं सॉसेजच असतं. मी मांसाला शिवत नाही. बिअर मात्र जव, पाणी आणि हॉप नावाच्या वेलाची फुलं यांचीच. बव्हेरियात तसा १५१६ सालचा हुकूम आहे. इथले लोक तिला पातळ भाकरी म्हणतात. दोन-तीन बाटल्या घेतो आणि झोपतो. सॉसेजपेक्षा हे बरं ना?" माळेला मद्यही चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर आईपाशी तो गप्प होता.

मला त्याला धर्म सांगायचा नव्हता. त्यानं प्रश्न पोषणाचा विचारला होता, तेव्हा उत्तरही त्याच हिशेबात द्यायला हवं होतं. आहारशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंना गाठलं आणि दोघांनी मिळून जमाखर्च मांडला.

'पातळ भाकरी' हे नाव उगाच पडलेलं नाही. म्युनिकमध्ये पाउलानर पंथाचे ख्रिस्ती साधू सतराव्या शतकात ईस्टरपूर्वीच्या उपवासात दाट, कडक बिअर पीत. अन्न वर्ज्य, पेय चालतं, अशी पळवाट. (आपणही उपवासाला साबुदाण्याची ताटली रिकामी करतो, तेव्हा त्यांना हसायला नको.) शिवाय बिअरची सुरुवात खरोखर अन्नापासूनच होते. जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मग वाळवतात. आपल्या आयाबाया नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तीच ही रीत. इथवर सारं उत्तम आहे.

घोटाळा पुढे आहे. मोड आलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवले की पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घेतात आणि चोथा बाजूला काढतात. दाण्यातली बहुतेक प्रथिनं या चोथ्यातच राहतात. त्याचं पुढे काय होतं? तो गुरांना घालतात. जर्मनीत घालतात, आणि आपल्याकडेही बिअरच्या कारखान्याजवळचे गोठेवाले तो गाड्या भरून नेतात. उरलेल्या गोड पाण्यात यीस्ट सोडतात. ते साखर खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. म्हणजे प्रथिनं गाईच्या वाट्याला, साखर यीस्टच्या वाट्याला, आणि माणसाच्या पेल्यात काय आलं ते पाहा. अर्धा लिटर बिअरला साधारण ८० ते ९० ग्रॅम जव लागतात. तेवढ्या दाण्यात ८-९ ग्रॅम प्रथिनं असतात. बाटलीत उतरतात दोन, फार तर अडीच ग्रॅम.

आता सॉसेज. १०० ग्रॅमच्या एका भाजलेल्या सॉसेजात सुमारे १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढी बिअरमधून मिळवायची तर पाच-सहा बाटल्या रिचवाव्या लागतील. साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५०-५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आमच्या मुलाच्या तीन बाटल्यांतून सहा-सात मिळत होती.

पण मग पोट भरल्यासारखं का वाटतं? कारण उष्मांक मिळतात. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे २१५ उष्मांक, त्यांतले जवळजवळ १४० निव्वळ अल्कोहोलचे. अल्कोहोल शरीरात जळतो, हे वादातीत आहे. ते मोजून दाखवलं अमेरिकेतल्या अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञानं. गंमत अशी की त्यानं काही काळ अभ्यास केला तो याच म्युनिकमध्ये, कार्ल फॉइट या आहारशास्त्रज्ञाकडे. मायदेशी परतल्यावर त्यानं एक बंद खोली बांधवली. तीत माणसाला दिवसचे दिवस ठेवून त्याच्या शरीराची उष्णता मोजली आणि १९०० च्या सुमारास सांगितलं, की अल्कोहोलपासून देहाला ऊर्जा मिळते. दारूबंदीवाले त्याच्यावर संतापले, आणि मद्यविक्रेत्यांनी त्याचं नाव आपल्या प्रचारात लावलं. तो बिचारा फक्त उष्णता मोजत होता. मला वाटतं, 'बिअर हे अन्नच' म्हणणारे आजही तीच चूक करतात. चुलीत रॉकेल ओतलं तरी ऊब मिळते. म्हणून रॉकेलला कोणी सरपणाची मोळी म्हणून साठवत नाही. अल्कोहोल शरीराला साठवता येत नाही. तो विषासारखा असल्यामुळे यकृत त्याला आधी जाळून निकालात काढतं, आणि तोवर आलेली चरबी मात्र कोठारात जाते.

म्हणून बिअरबरोबर सॉसेज ही जोडी तर महागच. कारण सॉसेजही काही साधूसंत नाही. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास चरबी आणि दोन ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज. मात्र त्याच संस्थेनं मद्याला हा शिक्का १९८८ मध्येच मारला होता, हे बिअरवाले सांगत नाहीत.

बिअरच्या बाजूनं बोलायचं तर 'ब' गटातली काही जीवनसत्त्वं तीत थोडीफार असतात. पण मुठभर मोडाच्या मटकीसाठी दारूच्या गुत्त्यात जायचं काय कारण?

हे सगळं मी त्याला कळवलं. नुसतं 'सोड' म्हणून भागणार नव्हतं. संध्याकाळी सात वाजता त्यानं खायचं काय, हा खरा प्रश्न होता. बाईंनीच मार्ग काढला. जर्मनीत क्वार्क नावाचा पदार्थ दुकानोदुकानी मिळतो, आपल्या चक्क्यासारखा. बिनचरबीच्या क्वार्कमध्ये १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे जवळजवळ सॉसेजइतकीच. पाव किलोचा डबा आणि काळी पोळी... म्हणजे त्यांचा राईचा पाव... एवढ्यावर रात्रीचं जेवण होतं. मसूर तर तिथल्या तुर्की दुकानात हवे तेवढे. आणि तीन बाटल्यांची एकदम शून्यावर येताना हात थरथरले, झोप उडाली, तर डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांग, हेही लिहिलं.

महिनाभर काही कळलं नाही. मग एके दिवशी त्याची आई बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणाली, "सर, परवा फोन आल्ता. इचारीत हुता, मसुराला शिट्ट्या किती करायच्या."