क्लोद-आंरी ग्रिन्यों : कादंबरीकार आणि नभोवाणीलेखक



कृपण माणूस मराठी रसिकांना नवा नाही. आचार्य अत्र्यांनी मोलिएरच्या नाटकावरून ‘कवडीचुंबक’ रचले आणि प्रेक्षक त्या कृपणाला पोटभर हसले. फ्रेंच भाषेत आणखी एक कृपण आहे. त्याला मात्र हसणे सोपे नाही. तो फ्रान्समधला नव्हे, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला. इंग्रजीने चहूकडून वेढलेल्या या प्रांतात फ्रेंच भाषा चार शतके टिकून आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्यांना तिथल्या वाचकाचे मन निराळे उलगडून सांगण्याची गरज नसावी.

या कृपणाचे जनक क्लोद-आंरी ग्रिन्यों १८९४ मध्ये माँट्रियलच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, सेंत-आदेल या गावी जन्मले. रीतसर शिक्षण बेताचेच. वाचन मात्र दांडगे. वृत्तपत्री लेखनातून त्यांची लेखणी घडली. पुढे १९३६ ते १९४३ या काळात ‘वाल्दोंब्र’ या टोपणनावाने काढलेल्या त्यांच्या पत्रिकांनी भल्याभल्यांना झोडपून काढले.

१९३३ मध्ये त्यांची ‘एक माणूस आणि त्याचे पाप’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तो जागतिक मंदीचा काळ. शहरातल्या बेकारांनी जमिनीकडे परतावे, असा उपदेश चालू होता आणि तिथले ग्रामीण साहित्यही बहुधा शेतकऱ्याच्या सात्त्विकतेचे गोडवे गाई. ग्रिन्योंनी त्याच खेड्यातला सावकार उभा केला. सेराफँ पूद्रिए पैशांची थैली ओटच्या पोत्यात दडवतो. तरुण पत्नी दोनाल्दा हिला तो अन्नाला महाग करतो. ती मरणपंथाला लागली तरी डॉक्टरच्या खर्चाचाच हिशेब करतो. शेवटी घराला आग लागते आणि तो धनाच्या ओढीने तिच्यात जळून मरतो. त्याच्या मुठी उघडल्यावर एकीत सोन्याचे नाणे आणि दुसरीत ओटचे दाणे सापडतात. या छोटेखानी पुस्तकाला १९३५ चे दाव्हिद पारितोषिक मिळाले.

इथवरची हकिगत एखाद्या गुणी कादंबरीकाराची. पुढे १९३९ मध्ये रेडिओ-कॅनडावर या कादंबरीची श्रुतिकामालिका सुरू झाली आणि ती १९६२ पर्यंत चालली. लेखन ग्रिन्योंचेच. पुस्तकात सेराफँ आणि दोनाल्दा दोघेही मरतात. पण मालिकेला मरण परवडत नाही. पुस्तकात लवकर डोळे मिटणारी दोनाल्दा नभोवाणीवर वर्षानुवर्षे सोसत राहिली. भोवती अवघे गाव वसले, डोंगराळ भागात वसाहती उभारणारे लाबेल हे खरेखुरे धर्मगुरूही त्यात आले. ‘कुत्र्याचे मांस!’ ही सेराफँची शिवी घरोघर ऐकू येऊ लागली. १९४९ आणि १९५० मध्ये दोन चित्रपट निघाले. दूरचित्रवाणीवरची मालिका १९५६ पासून १९७० पर्यंत चालली. मधल्या काळात, १९४१ ते १९५१, हे गृहस्थ आपल्या गावचे महापौरही होते!

नभोवाणीने एक कादंबरीकार गिळला, अशी खंत वाटणे साहजिक आहे. तीव्र एकाग्रतेने लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या तोडीची दुसरी कादंबरी त्यांच्या हातून झाली नाही. कथा पातळ झाली, पापाची धार बोथट झाली, हेही खरे. पण ज्या स्वयंपाकघरांत एरवी पुस्तक शिरले नसते, तिथे ग्रिन्यों शिरले. आणि शिरले ते पॅरिसची उसनी भाषा घेऊन नव्हे, आपल्या डोंगरातली बोली घेऊन. ज्या बोलीला शिकलेली माणसे गावंढळ म्हणत, तीच राष्ट्रीय नभोवाणीवर बोलली जाऊ लागली, तेव्हा ती बोलणाऱ्या माणसाची मान किती ताठ झाली असेल! त्यांची चुलतबहीण झेर्मेन गेव्रमाँ हिच्या १९४५ च्या ‘ल सुर्व्हनाँ’ या कादंबरीलाही पुढे हीच माध्यमे लाभली.

ग्रिन्यों १९७६ मध्ये वारले. २००२ मध्ये या कथेवर पुन्हा चित्रपट आला, आणि २०१६ ते २०२१ या काळात रेडिओ-कॅनडाने नवी दूरचित्रवाणी मालिका दाखवली. सेराफँ हे नाव मुळात देवदूतांच्या एका श्रेणीचे. क्वेबेकच्या बोलीत मात्र आज कोणाला ‘सेराफँ’ म्हटले, की त्याचा अर्थ होतो कवडीचुंबक.