उरलेल्या रंगांची वीस मिनिटं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"सध्या काय करतेस?" असं सकाळपासून सगळे विचारताहेत. संगणकाची नोकरी सांगितली की विषय तिथंच संपतो. म्हणून रविवारचं काम सांगते. मी तैलरंगात छोटी अभ्यासचित्रं करते, तीही उरलेल्या रंगांत.

तैलरंग म्हणजे बहुधा जवसाच्या तेलात घोटलेली रंगाची पूड. आपण चटणी करतो तेच हे जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. त्यामुळे मोठं चित्र आटोपल्यावर पॅलेटवर उरलेला रंग बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीही चालतो. नवी ट्यूब पिळताना हात आखडतो. हा रंग मात्र तसाही पुसूनच टाकायचा असतो, म्हणून चित्र बिघडण्याची भीती राहत नाही.

वहीच्या पानाएवढा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर जेसोचा हात देऊन वाळवायचा. वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि एकच रुंद ब्रश धरायचा. डोळे किलकिले करून आधी उजेड आणि सावली मांडायची. नाक-डोळे, पानं-फुलं नंतर. हिरवा उरला नसेल तर पिवळ्यात थोडा काळा मिसळा, पऱ्हाटीचा मळकट हिरवा मिळतो. एक काळजी घ्या: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. त्या तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

मोठे चित्रकारही हे करत. जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांची कितीतरी अभ्यासचित्रं कागदावर तैलरंगात केली. अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहिलेला आहे. ढग थांबत नाहीत, म्हणून हातही भरभर चालवावा लागतो.

आपल्यातल्या कितीतरी जणींनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली. दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर गेली. आता चाळिशीत आपण म्हणतो, निवृत्तीनंतर बघू. पण ज्यांना बघायचं, ती माणसं तोवर थांबतील का?

गेल्या दिवाळीत उरलेले रंग घट्ट झाकणाच्या डबीत भरून मारेगावला आणले. बाबा वावराच्या धुऱ्यावर बसले होते, मागे फुटलेला कापूस. त्यांना आता फार वेळ एका जागी बसवत नाही. वीस मिनिटांत चेहरा नीट उतरला नाही. पण खांद्याचा बाक आणि टोपीखालची सावली अगदी त्यांची आली. बाबा बघून म्हणाले, "कापूस बरा आला आहे."

ते चित्र विकण्याजोगं नाही. पण त्या वीस मिनिटांत मी बाबांकडे जेवढं नीट पाहिलं, तेवढं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माळ्यावरची पेटी खाली काढा, एवढंच सांगायचं होतं.