संगणक 'साफ' करायला पैसे भरावेत का?

गटाचा लॅपटॉप हळू चालायला लागला, की पडद्यावर एक पाटी येते: तुमच्या संगणकात हजार-बाराशे दोष सापडले, दुरुस्तीसाठी पैसे भरा. भरायचे का, असं बऱ्याच गटांच्या सचिव आम्हाला विचारतात. आमचं उत्तर सरळ आहे. बचतीतला एक रुपयाही यावर घालू नका.

दोष मोजतो कोण? विकणाराच. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाच्या दुकानांत संगणक फुकट तपासून देत. आधी चार प्रश्न असत, संगणक हळू चालतो का, वगैरे. एकाला जरी 'हो' म्हटलं, तरी तपासणीत बिघाडाची लक्षणं निघायचीच, मग संगणक ठणठणीत का असेना! तिथल्या व्यापार आयोगाने हा आरोप ठेवला आणि 2019 साली दुकानाने तडजोडीत अडीच कोटी डॉलर भरले.

आणि साफ करतात तरी काय? 'रजिस्ट्री' म्हणजे विंडोजची आतली नोंदवही. तिच्यातल्या जुन्या नोंदी खोडून वेग काही वाढत नाही. नको ती नोंद खोडली गेली, तर चालता प्रोग्राम मात्र बंद पडतो. 'रॅम मोकळी करतो' म्हणणारेही तसेच. ओट्यावरची मिठाची बरणी माळ्यावर ठेवायची आणि भाजी टाकताना परत काढायची, त्यातली गत.

खरा कचरा असतो, नाही असं नाही. पण तो काढायची सोय विंडोज 10 आणि 11 मध्ये फुकट आहे. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग स्टोरेज, तिथे 'टेम्पररी फाइल्स'. एकच सांभाळा: यादीत 'डाउनलोड्स' असेल तर तिथली खूण काढा. बँकेचे उतारे आपण बहुधा तिथेच उतरवून ठेवलेले असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये सुरुवातीलाच उठून बसणारे प्रोग्राम दिसतात. नको ते बंद करा, पण अँटिव्हायरस राहू द्या.

एवढं करूनही लॅपटॉप रेंगाळला, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचा भाव दुकानात विचारा. जुन्या यंत्राला खरा फरक त्याने पडतो. हा खर्च बैठकीत मांडा, ठराव लिहा. आणि यंत्र दुकानात देण्याआधी कर्जाच्या आणि हप्त्यांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून अध्यक्षांकडे ठेवा.