महाविद्यालयाचें वेळापत्रक : कागद आणि यंत्र

१९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षणपरिषद भरली, आणि तिनें डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. त्या समितीच्या योजनेंत शाळेच्या दिवसाची वांटणी दिलेली आहे. साडेपांच तासांपैकीं मूलोद्योगास ३ तास २० मिनिटें. मातृभाषेस ४० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून ४०. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३०. शरीरशिक्षणास १० आणि मधल्या सुटीस १०. या योजनेवर पुढें पुष्कळ वाद झाला, आणि उद्योगास दिलेला हा वेळच त्या वादाचा एक मोठा मुद्दा होता. वेळापत्रकाकडे कारकुनी काम म्हणून पाहणारांनीं हें कोष्टक एकदां डोळ्यांखालून घालावें. संस्थेला कशाची किती चाड आहे, तें तेथें मिनिटांत लिहिलेलें असतें.

त्याच वर्धा जिल्ह्यांतील महाविद्यालयांपुढें, इतर ठिकाणांप्रमाणेंच, वेळापत्रक कागदावरून संगणकावर नेण्याचा प्रश्न आहे. जुनी रीत श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. जून महिन्यांत हें काम एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाकडे येई. भला मोठा तक्ता, शिसपेन्सिल आणि खोडरबर एवढें साहित्य. प्रथम प्रयोगशाळेचे लांब तास बसवावयाचे, मग मोठ्या खोल्यांचे वर्ग, आणि उरलेल्या फटींत भाषा. तक्ता पुरा झाला कीं प्राचार्यांची सही, आणि मग सूचनाफलक. दुपारच्या उन्हानें कोणती खोली तापते, आर्वीकडील मुलें कोणत्या गाडीनें येतात, हें त्या गृहस्थास तोंडपाठ असे. तक्त्यावर मात्र त्यांतील एकहि अक्षर उमटत नसे.

हा कागद अपुरा कां पडला? पूर्वी विद्यार्थी शाखा निवडी, आणि शाखेबरोबर विषयांचे ठरीव गट येत. वर्ग हा एकच घोळका. तो दिवसभर एकत्र फिरे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० प्रमाणें रचलेला पदवी-अभ्यासक्रम २०२४-२५ पासून महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत लागू झाला, आणि नागपूर विद्यापीठाशीं संलग्न असलेलीं वर्ध्याकडील महाविद्यालयेंहि त्यांत आलीं. आतां मुख्य विषयास जोडून गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्यविषय, घोळका फुटला. विषय १२ असले तर एकमेकांवर आदळूं शकणाऱ्या जोड्या ६६ होतात. ३० असले तर ४३५. प्रत्येक जोडींतील दोन्ही विषय घेणारा एखादा तरी विद्यार्थी आहे काय, हें पाहावें लागतें. पेन्सिलीनें हें होत नाहीं असें नाहीं. पण ऑगस्टपर्यंत होतच राहतें.

गणितज्ञांनाहि हा प्रश्न सोपा गेलेला नाहीं. १९६२ सालीं टोरोंटोच्या गॉटलीब यांनीं वर्ग व शिक्षक यांची सांगड संगणकानें घालण्याची रीत मांडली. ज्यांचें उत्तर सर्व प्रसंगीं झटपट काढण्याची रीत कोणास ठाऊक नाहीं, अशा कठीण प्रश्नांच्या वर्गांत वेळापत्रक मोडतें, असें १९७६ सालीं इव्हन, इताई व शमीर या तिघांनीं सिद्ध केलें. म्हणून आजच्या प्रणाली सर्वोत्तम उत्तराच्या मागें न लागतां चालण्यासारखें उत्तर शोधतात. २००२ पासून विकसित होत आलेली 'फेट' ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. तेव्हां लहान महाविद्यालयास पैशाची सबब फारशी उरत नाहीं.

यंत्रास नियम दोन प्रकारचे द्यावे लागतात. एका शिक्षकानें एका वेळीं दोन खोल्यांत असूं नये, ६० आसनांच्या खोलींत ९० विद्यार्थी बसवूं नयेत, हे अभंग नियम. मध्यें रिकामा तास राहूं नये, एका विषयाचे दोन तास लागोपाठ येऊं नयेत, हे साधल्यास पाळावयाचे. त्यांना आंकड्यांनीं वजन द्यावें लागतें. हें वजन कोण ठरवितो? खरी अडचण येथेंच आहे. जें सांगितलें नाहीं, त्याचें वजन यंत्राच्या लेखीं शून्य.

समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यांतून एस्. टी.नें वर्ध्यास येणाऱ्या मुलीचा शेवटचा तास साडेचारला संपला आणि तिच्या गांवची गाडी चारची असली, तरी यंत्राच्या हिशेबीं वेळापत्रक निर्दोषच असतें. मुलगी तो तास सत्रभर बुडविते, आणि घरीं कोणी तरी म्हणतें, "एवढ्यासाठीं कॉलेज कशाला?" तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिति याहून बरी नाहीं. त्यांस वेतन तासांवर मिळतें. सकाळीं वर्ध्यास व दुपारीं हिंगणघाटास शिकविणाऱ्याचा एक तास अर्ध्या घंट्यानें सरकला, तर दोहोंपैकीं एका ठिकाणचें उत्पन्न जातें. उलट वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी वसतिगृहांत राहतात. तेथें परतीच्या गाडीचा प्रश्न त्या मानानें थोडा. एका संस्थेची नियमांची यादी दुसरीनें जशीच्या तशी उचलूं नये, तें यामुळें.

सबब यंत्र आणण्यापूर्वीं एक काम कागदावरच उरकावें. इतकीं वर्षें तक्ता करणाऱ्या प्राध्यापकांस बसवून, त्यांच्या डोक्यांतील एकूण एक अट लिहून घ्यावी. प्रवेश-अर्जांत गांवाचें नांव असतेंच. त्यापुढें परतीच्या गाडीच्या वेळेचा एक रकाना वाढवावा. बदल करण्याचा अधिकार एकाच हातीं असावा, आणि प्रत्येक बदलावर तारीख पडावी. फलकहि काढूं नये. रात्रीं दहाला भ्रमणध्वनीवर धाडलेला बदल, पहांटे घर सोडणाऱ्यास पोंचला तर पोंचला.

आणि पहिल्या सत्रांत शेवटच्या तासाची हजेरी गांववार काढावी. सत्र सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यांत ती पाहिली, तर तास हलविण्यास अवकाश असतो. दिवाळीच्या सुमारास पाहिली, तर त्या मुलीचें सत्र गेलेलें असतें.