दोष चित्राचा की प्लगइनचा?

घरातील जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे आता पेटाऱ्यातून निघून संगणकात जाऊन बसली आहेत. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या मराठी कुटुंबांना या ठेव्याचे मोल विशेष वाटते. कारण मूळ गावाशी असलेला धागा पुष्कळदा एखाद्या पिवळ्या पडलेल्या कागदापुरताच उरलेला असतो. असा कागद स्कॅन करून ठेवावा, पुढे एके दिवशी तो उघडावयास जावे, आणि चित्र उमटण्याऐवजी ते दाखविणारा प्रोग्रामच क्षणार्धात पडद्यावरून नाहीसा व्हावा, असे घडते. मनुष्य गोंधळतो आणि फाइलच बिघडली असे समजून ती पुसून टाकतो. ही घाई घातक आहे. प्रोग्राम कोसळला म्हणजे चित्र नष्ट झाले, असे मुळीच नाही. प्रथम त्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवावी आणि मग दोषाचा माग काढावा.

उदाहरणार्थ ‘इरफानव्ह्यू’ घ्या. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात शिकलेल्या इरफान स्किल्यान यांनी विंडोजसाठी केलेला हा प्रोग्राम १९९६ सालापासून वापरात आहे. जेपीईजीसारखी नेहमीची चित्रे तो स्वतःच उलगडतो. परंतु जुन्या पुस्तकांच्या पानांसाठी वापरला जाणारा ‘देजाव्ह्यू’ किंवा ‘जेपीईजी २०००’ असे प्रकार समोर आले, की तो प्लगइनचे साहाय्य घेतो. प्लगइन म्हणजे मुख्य प्रोग्रामला जोडावयाची एक लहानशी वेगळी फाइल. ही फाइल मुख्य प्रोग्रामच्याच स्मृतीत, जणू एकाच वाड्यातील बिऱ्हाडकरूप्रमाणे, राहते. बिऱ्हाडकरूच्या खोलीत आग लागली तर वाडा वाचत नाही. त्याप्रमाणे प्लगइनने स्मृतीतील भलत्याच जागी हात घातला, की विंडोज तो सारा प्रोग्रामच बंद करते.

आता शोध कसा करावा? पहिली परीक्षा सोपी आहे. त्याच प्रकारची दुसरी फाइल उघडून पाहावी, आणि तीच फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये उघडावी. दुसरीकडे ती नीट उघडली, तर चित्र निर्दोष ठरले. त्या प्रकारची प्रत्येक फाइल प्रोग्रामला पाडीत असेल, तर संशय त्या प्रकाराच्या प्लगइनवर घ्यावा.

दुसरी परीक्षा साक्षीदाराची. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ अशा घटनांची नोंद ठेवतो. प्रोग्राम कोसळल्याची नोंद तेथे बहुधा १००० या क्रमांकाखाली सापडते आणि पडतेवेळी कोणती फाइल काम करीत होती, तिचे नाव तीत असते. ते नाव प्लगइनचे असेल, तर प्रकरण बरेचसे उलगडले. मात्र तेथे विंडोजच्याच एखाद्या फाइलचे नाव दिसले, तर तिला लगेच दोषी धरू नये. घसरणारा एकीकडे घसरतो आणि पडतो दुसरीकडे, तसाच हा प्रकार असू शकतो.

तिसरी परीक्षा मेळाची. मुख्य प्रोग्राम नवा आणि प्लगइन मात्र जुन्या आवृत्तीचे, ही जोडी अनेकदा बिघाडाचे मूळ असते. दोन्ही एकाच आवृत्तीचे आणि निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावेत. तसेच ३२ बिटांच्या प्रोग्रामला ६४ बिटांचे प्लगइन चालत नाही. तेथे प्रोग्राम कोसळण्यापेक्षा प्लगइन मुळी जोडलेच जात नाही आणि चित्र उघडत नाही.

प्रोग्राम सुरू होतानाच कोसळत असेल, तर प्लगइनांचा फोल्डर तात्पुरता बाजूला काढावा. त्याविना प्रोग्राम चालला, म्हणजे दोष त्या फोल्डरमध्येच आहे. मग निम्मी प्लगइने परत ठेवून पाहावे. कोसळला तर या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. अशी निम्मी-निम्मी वाटणी करीत गेल्यास चौसष्टांतील एक दोषी सहा फेऱ्यांत हाती लागतो. फोल्डर काढूनही प्रोग्राम कोसळत राहिला, तर जुन्या सेटिंगची फाइल बाजूला ठेवून पाहावी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. अनोळखी व्यक्तीकडून आलेली एखादीच फाइल प्रोग्राम पाडीत असेल, तर ती हट्टाने पुनःपुन्हा उघडू नये. प्लगइनमधील उणिवेचा लाभ घेऊन संगणकात शिरकाव करण्यासाठी मुद्दाम विकृत केलेल्या चित्रांचा उपयोग होऊ शकतो. अशा वेळी प्रथम प्रोग्राम व प्लगइने अद्ययावत करावीत. ओळखीच्या फाइलवरही दोष कायम राहिला, तर दोन्हींची आवृत्ती, इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद आणि घडल्या प्रकाराचा क्रम निर्मात्याला कळवावा. नीट लिहिलेल्या अशा एका पत्राने पुढे अनेकांची अडचण दूर होते.

श्रोतेहो, प्लगइन बदलता येते, प्रोग्राम पुन्हा घालता येतो; पण आजोबांच्या हस्ताक्षराची एकुलती एक प्रत पुसली गेली, तर ती कोठून आणावयाची? म्हणून पुरावा हाती येईपर्यंत चित्राला शिक्षा देऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.