पाककृती सर्वांची, नाव ज्याचे त्याचे



अंधेरीला लागून असलेल्या विलेपार्ले या उपनगरात १९२९ साली गोळ्या-पेपरमिंटचा एक कारखाना निघाला. १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. उपनगराचेच नाव धारण करणाऱ्या या बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडी, मध्यभागी एक मुलगी आणि भोवती गाई व कोंबड्या असे चित्र असे. पुढे म्हैसूरच्या एका कंपनीने ग्लुकोज बिस्किटे बाजारात आणली. त्यांच्या वेष्टनावरही मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजणे ही खरी कसोटी नव्हे. एक समजून दुसरे घेतले जाईल इतके एकंदर साम्य पुरेसे आहे, असा निर्णय १९७२ साली झाला आणि पार्ल्याची बाजू मान्य झाली.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की हा दावा बिस्किटाच्या कृतीविषयी नव्हताच. संरक्षण मिळाले ते चिन्हाला.

मग पाककृतीचे काय? कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यातील मजकूर परवानगीवाचून छापता येत नाही. मात्र त्यावरून पदार्थ करून विकण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. २००५ पासून अन्नपदार्थालाही एकस्व, म्हणजे पेटंट, मिळू शकते; परंतु नुसते मिश्रण आणि परंपरागत ज्ञान यांना ते मिळत नाही. अलीकडे थरावर थर रचून पदार्थ ‘छापणारी’ यंत्रे निघाली आहेत. नव्या यंत्राला वा नव्या प्रक्रियेला एकस्व मिळेल, तेही २० वर्षांपुरते. त्यातून निघालेल्या पुरणपोळीला नव्हे.

घाटकोपर-मुलुंडच्या चाळीत पापड-मसाले करणाऱ्या बचत गटाने यावरून काय घ्यावे? नाव स्वतःचे, वेगळे असावे. ‘घरगुती मसाला’ हे नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही. त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करावी. ती १० वर्षे टिकते आणि पुनःपुन्हा वाढविता येते. मसाल्याचे प्रमाण मात्र गुप्त राखावे; गिरणीत कुटावयास देताना सर्व जिन्नस एकाच ठिकाणी देऊ नयेत, आणि द्यावेच लागले तर लेखी करार करावा.

नाव हातचे गेले, तर वर्षानुवर्षांच्या कष्टांनी जोडलेले गिऱ्हाईकही जाते. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी भगिनींना ही गोष्ट, पहिले पाकीट बाजारात जाण्यापूर्वीच, समजावून सांगावी.